अंकुशच्या बोटाचा जोर

आमच्या घरात अंकुशची कूस दर दोन तासांनी बदलावी लागे. आई त्यासाठी कधी घड्याळ बघायची नाही, तिला ते अंगातूनच कळायचं. भाकरी थापता थापता ती मध्येच थांबायची, पिठाचे हात तसेच वर धरून आतल्या खोलीत जायची आणि मनगटांनी त्याच्या पाठीला आधार देऊन त्याला या अंगावरून त्या अंगावर करायची. मग परत चुलीपुढं. तव्यावरची भाकरी तोवर करपलेली नसायची, इतका अंदाज तिला बसला होता. आमची वस्ती कळंबच्या शिवारात, कालव्याच्या चारीला लागून. आजोबांच्या हयातीपर्यंत घरात मेंढरं होती. माझ्या वडिलांनी, आबांनी, कळप मोडला आणि ऊस लावला, पण पाहुणा आला की बसायला अजून घोंगडंच अंथरलं जाई. चारीला पाणी सुटलं की त्याचा आवाज तिन्ही खोल्यांतून फिरायचा. त्याखेरीज लांबून येणारा कारखान्याचा भोंगा, गोठ्यातल्या साखळ्या, आणि आतल्या खोलीतून दिवसातून कितीदा तरी येणारी एक हाक: "आये, पान!" आबांनी बनवलेल्या लाकडी घोडीवर अंकुशचं पुस्तक उघडं ठेवलेलं असायचं आणि ते पान उलटायला माणूस लागायचं. आई धारा काढायला गेली असली की तो वाचून झालेल्या पानावरच थांबून राहायचा. ती येईपर्यंत तेच पान त्यानं तीनदा वाचलेलं असायचं.

अंकुश माझा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा. पाच वर्षांचा होईपर्यंत तो चांगला होता, असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो. खरं तर तो कधीच नीट धावला नाही. उठताना गुडघ्यांवर हात टेकून स्वतःलाच वर ढकलत उठायचा आणि आम्हाला त्याचं हसू यायचं. दहाव्या वर्षी तो खुर्चीत बसला तो बसलाच. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला बाहेर बाकावर बसवून आम्हाला आत सांगितलं की हा स्नायू झिजण्याचा आजार आहे, याला औषध नाही, आणि विशीच्या पुढं जाणं अवघड. आणखीही एक सांगितलं. हा आजार आईकडून मुलाकडं येतो. आईला स्वतःला काही होत नाही, मुलींनाही सहसा होत नाही, पण त्या तो पुढं नेऊ शकतात. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. ते ऐकल्यावर आबांनी आईकडं दोषाच्या नजरेनं पाहिलंसुद्धा नाही, आणि हा त्यांचा केवढा मोठेपणा होता ते मला फार उशिरा कळलं. आईची मान मात्र त्या दिवशी जी खाली गेली ती गेलीच. दवाखान्यातली गोष्ट भावकीत कुणी नेली कोण जाणे. दोन-तीन वर्षांत मला बघायला येणारी माणसं यायची थांबली. पुढं मी लग्न केलं, उशिरा केलं, समोरच्याला सगळं सांगून केलं, आणि मूल होऊ दिलं नाही. आज या वयात त्या निर्णयाबद्दल मला कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारलंच तर उत्तर द्यायला मला वेळ लागत नाही.

अंकुशच्या आजाराबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. त्याला काही माहीत नाही असं आम्ही तिघांनी धरून ठेवलं होतं. बोलण्याच्या जागी आई रांधायची. थंडीत हुलग्याची शेंगोळी, लसूण-मिरचीचं वाटण लावून पातळ केलेली, म्हणजे त्याला फार चावावं लागू नये. सकाळी हुलग्याचं माडगं, गूळ घालून. ती त्याच्या शेजारी बसून एकेक घास इतका लहान करून द्यायची की जेवणाला तास जाई. घास उतरला की नाही हे ती त्याच्या गळ्याकडं बघून ओळखायची, आणि उतरेपर्यंत तिचाही श्वास थांबलेला असायचा. हे सगळं तिला कुणी शिकवलं, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

मी बारामतीला एका टायपिंग क्लासमध्ये शिकवायचे. सकाळच्या एसटीनं जायचं, वीस टाइपरायटरांच्या खडखडाटात दुपारपर्यंत उभं राहायचं, आणि मग दोन गल्ल्या पलीकडं स्वतः विद्यार्थिनी होऊन कॉम्प्युटरच्या वर्गात बसायचं. तिथं चपला बाहेर काढाव्या लागत. आत गार वारा सोडलेला असायचा आणि आम्ही बायका पदर अंगाभोवती घेऊन बसायचो. टायपिंगचे दिवस संपत आलेत हे मला दिसत होतं. सव्विसाव्या वर्षी लग्नाची आशा सोडलेल्या मुलीला आपल्या पायावर उभं राहायला दुसरं काही लागणार होतं आणि ते त्या गार खोलीत होतं. संध्याकाळी घरी आले की अंकुश मला सोडायचा नाही. आज काय शिकवलं, पडद्यावर काय दिसलं, चूक झाली तर काय होतं, सगळं विचारायचा. एकदा मी सहज सांगितलं की पडद्यावर मजकूर वाचताना एक कळ दाबली की पुढचं पान आपोआप येतं.

त्याची नजर घोडीवरच्या पुस्तकाकडं गेली. मग म्हणाला, "कुणाला हाक मारावी लागत न्हाय?"

"नाही."

"एक कळ? एका बोटानं?"

"एका बोटानं."

दुसऱ्या दिवशी त्यानं आबांना खुर्चीजवळ बोलावलं. तो कधीच काही मागायचा नाही, त्यामुळं आबा घाबरूनच आले. "आबा, मला कॉम्प्युटर पायजे," तो म्हणाला. आबांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, आणि ते एवढंच म्हणाले, "मंगल, काय काय लागतंय ते बघून ये."

बारामतीत तेव्हा तयार कॉम्प्युटर घेणारे थोडे. बहुतेक जण सुटे भाग निवडून जोडून घ्यायचे. सलीमभाईंचं दुकान एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर होतं. पन्नाशीचे गृहस्थ, आयुष्यभर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केलेले. आता त्यांच्या टेबलावर रेडिओच्या जागी मदरबोर्ड आले होते, पण सोल्डरिंगची बंदूक आणि खिशाला लावलेला टेस्टर तोच. आठवड्यातून एकदा ते पुण्याला जाऊन माल आणायचे. "ताई, कशासाठी पाहिजे मशीन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "शिकायला." अंकुशचं नाव मी घेतलं नाही. त्या क्षणी ते मुद्दाम टाळलं असं नाही. पण ते माझ्या ओठांवर आलंही नाही, हे खरं. सलीमभाईंनी कागद ओढला आणि आम्ही यादी केली. सगळ्यांत नवा प्रोसेसर, कारण मला पुढं प्रोग्रॅमिंग शिकायचं होतं. पंधरा इंची रंगीत मॉनिटर. सीडी लावायची सोय, कारण वर्गात ती नव्हती आणि मला हवी होती. साउंड कार्ड, स्पीकर, चांगला माऊस. ती यादी छातीशी धरून मी एसटीत बसले आणि कळंब येईपर्यंत मनातल्या मनात तो कॉम्प्युटर कुठं ठेवायचा ते ठरवत होते. माझ्या खोलीत, खिडकीखाली.

अंकुशला मी यादी वाचून दाखवली. तो खुर्चीत जरा कलून बसलेला, दोन्ही हात मांडीवरच्या पाटावर आईनं ठेवून दिलेले, जसे ठेवले तसेच. प्रत्येक भाग काय करतो ते मी उत्साहानं सांगत होते. माऊसशी आल्यावर त्यानं विचारलं, "हा टेबलावर फिरवायचा का?"

"हो, हातानं असा…" आणि मी थांबले.

तो माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. "आक्का, ह्याचं बटण कुठं असतंय? चालू करायचं?"

"कॅबिनेटवर. पुढच्या बाजूला."

"माझा हात तितवर जाईल का?"

मी परत यादीकडं बघितलं.

"मग रोज सकाळी आईला हाक मारायची, का तू बारामतीवरनं आल्यावर चालू करून देणार?" तो म्हणाला. "आक्का, मला दुसरं काय बी नको. पर चालू माझा मला करता आला पायजे."

मी यादी घडी केली आणि विहिरीकडं निघून गेले. माणसाला आपली लाज वाटते तेव्हा ती आधी रागाच्या रूपात येते. मला वाटत होतं, एवढं मी करतेय तर हा चुका काढतोय. विहिरीच्या कठड्यावर बसल्यावर हळूहळू ते उतरलं आणि मग कळलं की मी सबंध यंत्र उभं केलं होतं आणि त्यात त्याच्या हाताला कुठंही जागा ठेवलेली नव्हती. लहानपणापासून ज्या पोराला मी कडेवर घेतलं होतं, त्याच्या नावानं मी माझ्यासाठी खरेदी करत होते. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, आणि लिहितानाही हात जड झाला आहे.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंना खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे आधी सांगायचं ताई," एवढंच बोलले. मग, "मला मुलाला बघायला लागेल. पायाचं माप घेतल्याशिवाय जोडा बनत नाही."

रविवारी दुपारी ते स्कूटरवरून आमच्या वस्तीवर आले. पाठीमागं दोरीनं बांधलेला एक कीबोर्ड आणि पिशवीत सारख्या मापाच्या लोखंडी नटांचा डबा. आबांनी घोंगडं अंथरलं, आईनं चहा ठेवला. सलीमभाई घोंगड्यावर बसलेच नाहीत. अंकुशच्या खुर्चीपुढं जमिनीवर बसले आणि त्याचा हात आपल्या हातात घेतला. एकेक बोट हलवून बघितलं. उजव्या हाताची दोन बोटं आणि डाव्याचं एक, एवढीच कामाची होती. नव्या कीबोर्डवर अंकुशनं बोट टेकवलं आणि दाबलं. कपाळावर घाम आला, पण कळ खाली गेली नाही. सलीमभाईंनी तो कीबोर्ड शांतपणे बाजूला ठेवला आणि आबांकडं पिकावरच्या औषधाची पावडर मोजायची लहान तागडी मागितली. तिच्या एका पारड्यात नट ठेवायचे आणि दुसरं पारडं अंकुशनं बोटानं खाली दाबायचं. पाच नट उचलले गेले. सात. नऊ. दहाव्याला पारडं हललं नाही. "नऊ," सलीमभाई म्हणाले आणि तो आकडा त्यांनी कागदावर लिहून त्याभोवती गोल काढला. "आता ज्या कळा नऊ नटांच्या भारानं खाली जातील, त्याच घ्यायच्या."

मग बाकीच्या भागांचं बोलणं निघालं. प्रोसेसर कोणता, हार्ड डिस्क केवढी. सलीमभाई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असतील तसंच सवयीनं बोलून गेले, "आज घेतलेलं तीन वर्षांत जुनं होतं बघा. म्हणून थोडं पुढचं घेतलेलं बरं."

अंकुश म्हणाला, "मला तीन वर्साचंच घ्या."

आई चहाच्या कपबश्या घेऊन दारात उभी होती. आबांनी खाली बघितलं. सलीमभाईंना काहीच कळलं नाही, ते समजावू लागले, "नाही, पण पुढं…"

"सलीमचाचा, पुढचं मला लागणार न्हाय," अंकुश शांतपणे म्हणाला. "प्रोसेसर साधा टाका. हार्ड डिस्क तेवढी मोठी टाका, आन् ते सीडीचं बी ऱ्हाऊ द्या. ते आक्काला ऱ्हाईल नंतर."

कपबश्या खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि आई आत गेली. सलीमभाईंनी माझ्याकडं बघितलं; माझ्या तोंडावरून त्यांना कळायचं ते कळलं. ते उठले, अंकुशच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर जाऊन स्कूटरपाशी उभे राहिले. आबा त्यांच्या मागून गेले. मी तिथंच होते, भिंतीला टेकून.

आई परत आली. अंकुशची कूस बदलायची वेळ झाली नव्हती, तरी तिनं त्याच्या पाठीखाली हात घातला. "कुणी सांगितलं तुला?"

"डॉक्टरची चिठ्ठी ट्रंकेत होती. आबांनी पुस्तक काढताना माझ्याम्होरं पडली. विंग्रजी वाचता येतंय मला, आये. दोन वर्सं झाली."

"दोन वर्सं?" आई म्हणाली. "आन् बोलला न्हाईस?"

"तुमीबी कुठं बोलला?"

आई जमिनीवर बसली. आणि सात वर्षांत जे तिनं एकदाही उच्चारलं नव्हतं ते बोलली. "माझ्यामुळं झालं तुला. माझ्या भावालाबी हेच झालं व्हतं. सोपान त्याचं नाव. लग्नात तुझ्या आबाला सांगितलं न्हाय आमी, झाडावरनं पडून पाय गेलं म्हणून सांगितलं. मीच त्याला भरवायची. मला ठावं व्हतं, आन् मी गप बसले."

मला वाटलं आता अंकुश तिला समजावेल, तुझा काय दोष म्हणेल. त्यानं तसं काही केलं नाही. त्यानं विचारलं, "मामाला काय आवडायचं?"

आईनं वर पाहिलं. तिच्या त्या भावाबद्दल तिला असं आजवर कुणी विचारलंच नसावं. तिला आठवायला वेळ लागला. मग ती सांगू लागली. सोपानला पाखरांचे आवाज काढता यायचे. चिंचेखाली त्याला नेऊन ठेवलं की तो होल्यासारखा घुमायचा आणि वरून खरे होले उत्तर द्यायचे. त्याला उकडलेल्या शेंगा लागायच्या, पण टरफल दुसऱ्यानं काढलेलं चालायचं नाही; दातानं स्वतः फोडायचा, एका शेंगेला कितीही वेळ लागो. हे सांगताना आई हसली. मी आईला असं हसताना पाहिलं नव्हतं. ऊन भिंतीवरून उतरून गेलं तरी ती बोलत होती आणि अंकुश एकेक विचारत होता. सलीमभाईंना वाटेला लावून आबा आत आले, दारातच बसले आणि त्यांनीही ऐकलं. त्यांना फसवून लग्न लावलं होतं ही गोष्टही त्यांनी त्याच दुपारी आईच्या तोंडून ऐकली. संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "उद्या शेंगा उकड." त्यानंतर आमच्या घरात लपवाछपवी राहिली नाही. दुःख होतं तेवढंच होतं, पण ते चौघांत वाटलं गेलं.

नव्या कीबोर्डांपैकी एकही नऊ नटांनी दबला नाही. सलीमभाईंनी पुण्याहून चार प्रकार आणून बघितले. शेवटी त्यांनी माळ्यावरून टाकून दिलेले जुने कीबोर्ड काढले. प्रत्येक कळेखाली रबराची एक लहान टोपी असते. बोट उचललं की कळ वर येते ती तिच्यामुळं. वर्षानुवर्षं वापरून काही टोप्या मऊ झालेल्या असतात. एका दुपारी क्लास सुटल्यावर मी आणि ते माडीवर बसलो आणि तीन कीबोर्डांच्या टोप्या काढून एकेक तपासली. कळ बसवायची, वर नट रचायचे, दबली तर उजवीकडं, नाही तर डावीकडं. जास्त वापरातल्या अक्षरांच्या टोप्या मऊ निघाल्या, कोपऱ्यातल्या कडक. लागतील तेवढ्या मऊ टोप्या जमल्या आणि कोपऱ्यातल्या काही कळा आम्ही तशाच कडक राहू दिल्या. त्या कोणत्या ते अंकुशनंच आधी सांगून ठेवलं होतं. शिफ्टची कळ धरून ठेवायला दुसरं बोट नको, एकदा दाबली की ती दबलेलीच समजली जाईल, अशी सोय आतच असते हे आमच्या वर्गातल्या सरांनी शोधून दिलं. माऊस घेतलाच नाही. मॉनिटर चौदा इंची, कारण अंकुशला मान वळवता यायची नाही आणि मोठ्या पडद्याच्या कडा त्याला दिसल्या नसत्या.

खरी निवड होती ती मदरबोर्ड आणि कॅबिनेटची. तेव्हा बाजारात असलेल्या बहुतेक कॅबिनेटना विजेच्या मुख्य तारेवरचं खटक्याचं बटण असे, जोर लावून दाबावं लागणारं. पण नुकतेच नव्या पद्धतीचे मदरबोर्ड यायला लागले होते. त्यांत दोन बारीक तारा क्षणभर एकमेकींना टेकल्या की यंत्र सुरू होई. "वेग थोडा कमी घेऊ, पण बोर्ड हाच घेऊ," मी म्हटलं. माझ्या पहिल्या यादीत मी हे कधीच निवडलं नसतं. सलीमभाईंनी एका जुन्या रेडिओतून पितळेची पातळ पट्टी काढली, तिच्याखाली दुसरी बसवली, आणि त्या दोन्हींपासून लांब तार काढून आणली. पट्टी तीन नटांनी टेकत होती. यूपीएस मात्र चांगला मोठा घेतला. आमच्याकडं विहिरींचे पंप सुरू झाले की दिव्याची निव्वळ वात उरायची.

कॉम्प्युटर वस्तीवर आला तेव्हा आबांनी मॉनिटरसाठी लोखंडी चौकट करून ठेवली होती, अंकुशच्या डोळ्यांच्या रेषेत कललेली. सलीमभाईंनी जोडणी केली, पितळी पट्टी पाटावर त्याच्या उजव्या बोटाखाली ठेवली आणि ते मागं सरले. आम्ही सगळे मागं सरलो. अंकुशनं बोट टेकवलं. पंखा घरघरला, पडद्यावर अक्षरं धावली. तो पडद्याकडं बघत राहिला. मग एकेक कळ शोधत, फार सावकाश, त्यानं यंत्र बंद केलं. पडदा काळा झाला. मला वाटलं काही बिघडलं. त्यानं परत पट्टीवर बोट टेकवलं. असं त्यानं तीनदा केलं. चौथ्यांदा चालू केल्यावर म्हणाला, "आता तुमी जावा आपापल्या कामाला."

सुरुवातीला तो वाचायचा. मी बारामतीहून फ्लॉपीवर जे मिळेल ते आणायचे, आणि आतल्या खोलीतली पानासाठीची ती हाक बंद झाली. आई कधी कधी गोठ्यातून उगाच येऊन दारात उभी राहायची आणि परत जायची. मग चारीच्या पाण्याचं काम त्याच्याकडं आलं. आमच्या चारीवर चाळीसेक शेतकरी. कालव्याचं आवर्तन सुटलं की कुणी किती तास पाणी घ्यायचं याची पाळी लागायची आणि दरवेळी तंटा व्हायचा. पाण्याची पाळी बघणारे पाटकरी किसनराव हातानं यादी लिहायचे, कुणाचे गुंठे चुकायचे, कुणाचे तास. एकदा ते आबांकडं बसून वैतागानं सांगत होते, तर आतून अंकुश म्हणाला, "मला नावं आन् गुंठं सांगा, मी लावून देतो." त्याला ती पहिली यादी करायला सहा दिवस लागले. सलीमभाईंकडून आणलेल्या जुन्या प्रिंटरवर ती छापून किसनरावांनी चारीच्या तोंडाशी चिकटवली. त्या पाळीला भांडण झालं नाही. तेव्हापासून माणसं आमच्या घरी अंकुशला बघायला यायची थांबली आणि त्याच्याकडं यायला लागली. "अंकुशराव, आमचा बांध सरकलाय, दोन गुंठं वाढवा," असं म्हणत म्हातारी माणसं त्याच्या खुर्चीपुढं टोपी काढून बसायची. तो सातबारा दाखवा म्हणायचा. दाखवला नाही तर वाढवायचा नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं विसावं वर्ष गेलं. एकविसावंही गेलं. कॉम्प्युटर आल्यापासूनच्या चौथ्या हिवाळ्यात त्याची छाती भरली. इंदापूरच्या दवाखान्यात न्यायला जीप आली तेव्हा त्याला बोलताना धाप लागत होती. मला म्हणाला, "आवर्तन सुटायचं हाय. यादी तयार हाय, तेवढी छापून ठेव." मी जीपमध्ये बसायच्या आधी ती छापली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. आई त्याच्या उशाशी होती आणि त्याची कूस नुकतीच बदललेली होती.

सुतकाच्या सहाव्या दिवशी चारीला पाणी सुटलं. आवाज घरभर फिरला. दुपारी किसनराव आले आणि अंगणातच उभे राहिले, आत येईनात. शेवटी आबाच बाहेर गेले.

"पाणी सुटलं का, किसनराव?"

"सुटलं, आबा. तुमच्याकडं असं झालेलं… मी हातानंच लिव्हतो यादी. तुमी काय मनावर घेऊ नका."

"यादी झालीय," आबा म्हणाले आणि माझ्याकडं वळले. मी आतून कागद आणून दिला. किसनरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला, चाळीस नावांवरून बोट फिरवत खाली आले.

"आमचं कवा हाय?" आबांनी विचारलं.

"उद्या. दोनपासनं पाचपर्यंत."

दुसऱ्या दिवशी दीड वाजता आबांनी टोपी घातली आणि खोरं उचललं. आई म्हणाली, "आज तरी जाऊ नका. कुणाला तरी सांगा."

"त्यानं लावून दिलीय पाळी," आबा म्हणाले. "आपल्या वेळेला आपुन नसलो तर म्होरच्याचं चुकंल."

मी त्यांच्या मागून गेले आणि बांधावर बसून राहिले. तीन तास आबांनी उसाला दारं धरलं, खोऱ्यानं पाणी एकेका सरीत वळवत राहिले. एकदाही थांबले नाहीत, एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. पाच वाजता त्यांनी आमचं दारं मोडलं, पाण्याच्या तोंडावर माती ओढली, खोऱ्यानं दोनदा थापली, आणि पाणी पुढच्या माणसाच्या शेताकडं निघून गेलं.